कापडी पिशवी किती वेळा वापरली की 'फिटते'?

माझ्या दारामागची खुंटी परवा भाराने निखळली. तिच्यावर कापडी पिशव्या होत्या. खाली पडल्याच आहेत तर मोजू म्हटलं, तर निघाल्या सतरा. त्यातल्या विकत घेतलेल्या दोनच. बाकीच्या परिषदांमध्ये, प्रदर्शनांमध्ये, कुठल्यातरी उद्घाटनाला हातात कोंबलेल्या. नऊ पिशव्यांवर 'पृथ्वी वाचवा' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं, आणि चारांची तर घडीही मोडलेली नाही.

रोज बाहेर फिरते ती एकच. कडेला उसवलेली, मी निळ्या दोऱ्याने शिवलेली. मग उरलेल्या सोळा पिशव्यांनी नेमकं काय वाचवलं? प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याचं उत्तर लोकांनी खरोखर मोजून ठेवलंय. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण विभागाने २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दुकानात मिळणाऱ्या साध्या प्लॅस्टिक पिशवीशी इतर पिशव्यांची त्यात तुलना होती. निव्वळ हवामानबदलाचा विचार केला, तर सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरली की मगच ती प्लॅस्टिकच्या बरोबरीला येते. पर्यावरणाचे सगळे निकष लावले, तर आकडा जातो ७,१०० वर.

गाजला अर्थातच दुसरा आकडा. 'म्हणजे कापडी पिशवीच वाईट!' असं म्हणून बरेच जण मोकळे झाले. हा निष्कर्ष चुकीचा आहे. पण तो कुठे चुकतो हे पाहिलं, की साबणापासून फोनपर्यंत कुठल्याही खरेदीचा विचार कसा करायचा हे बऱ्यापैकी उलगडतं.

## हातात येण्याआधीचं आयुष्य

कुठलीही वस्तू आपल्याला भेटते ती तिच्या आयुष्याच्या मध्यावर. त्याआधी तिच्यासाठी कोणीतरी खाण खणलेली असते, शेत नांगरलेलं असतं, भट्टी पेटवलेली असते, कंटेनर हलवलेला असतो. मग आपण ती वापरतो, आणि आपल्यानंतर ती पुरली, जाळली किंवा वितळवली जाते. या सगळ्या टप्प्यांवर लागलेलं पाणी, इंधन, जमीन आणि बाहेर पडलेला धूर, सांडपाणी, कचरा यांची एकत्र नोंद मांडणं म्हणजे 'जीवनचक्र मूल्यमापन'. हा जड शब्द एवढ्यापुरताच. पुढे मी त्याला 'जन्मापासूनचा हिशोब' म्हणेन.

गंमत म्हणजे हा हिशोब मांडणाऱ्या पहिल्या काही जणांत एक शीतपेय कंपनी होती. १९६९ साली कोका-कोलाने मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून वेगवेगळ्या बाटल्या-डब्यांची अशी तुलना करून घेतली. आज हा हिशोब कसा करायचा याचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ १४०४०.

आपल्यापुरतं हे कर्जासारखं समजू. वस्तू दुकानात पोचते तोवर तिच्या नावावर निसर्गाचं काही कर्ज चढलेलं असतं. सुती पिशवीवर ते मोठं असतं, कारण तिच्यामागे कापसाचं शेत, पाणी, खत, सूतगिरणी, विणकाम आणि छपाई आहे. पातळ प्लॅस्टिक पिशवीवर लहान, कारण मुळात ती काही ग्रॅमचीच. प्रत्येक वापर म्हणजे एक हप्ता. प्लॅस्टिकची पिशवी एक-दोन हप्ते भरून मरते. सुती पिशवी वर्षानुवर्षं हप्ते भरू शकते, फक्त तिला घराबाहेर न्यावं लागतं. माझी निळ्या दोऱ्याची पिशवी आठवड्यातून दोनदा बाहेर पडते, म्हणजे हवामानाचे ५२ हप्ते तिने सहा महिन्यांत फेडले. खुंटीवरच्या बाकीच्यांनी अजून खातंच उघडलेलं नाही.

## एकाच पिशवीचे ५२ आणि ७,१०० कसे?

रक्ततपासणीचा अहवाल डोळ्यांसमोर आणा. त्यात 'तब्येत: ७२ टक्के' असं कुठे लिहिलेलं नसतं. साखर वेगळी, हिमोग्लोबिन वेगळं, कोलेस्टेरॉल वेगळं. एक ठीक असतं, दुसरं बिघडलेलं असतं. वस्तूचा हिशोबही तसाच अनेक रकान्यांचा असतो: हवामान, पाणी, जमीन, विषारी द्रव्यं, ओझोनचा थर, वगैरे.

हवामानाच्या रकान्यात सगळ्या वायूंना एका मापात आणतात. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तापट आहे. शंभर वर्षांचा काळ धरला तर एक किलो मिथेन २७ ते ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून एक किलो मिथेन निघाला की वहीत '२७ ते ३० किलो' असं लिहायचं. वेगवेगळ्या देशांची नाणी एका चलनात बदलून घ्यावीत तसं. यापुढे 'उत्सर्जन इतके किलो' असं म्हणेन तेव्हा ते याच चलनात.

डेन्मार्कच्या अभ्यासात सुती पिशवीचा हवामानाचा आकडा आला ५२. ७,१०० हा आकडा आला तो ओझोनच्या एकट्या रकान्यातून. 'सगळे निकष' म्हणजे ज्या रकान्यात वस्तू सर्वात मागे पडते तो रकाना. अहवालात बाकी सगळं ठीक असताना एका वाईट आकड्यावरून माणसाला अतिदक्षता विभागात हलवावं, असा हा प्रकार. आकडा खोटा नाही, पण मथळ्यात टाकण्याच्या लायकीचाही नाही.

आणखी एक बारकावा, आणि तो मला सर्वात आवडतो. त्याच अभ्यासात सेंद्रिय कापसाची पिशवी साध्या सुती पिशवीपेक्षा मागे पडली: हवामानासाठी १४९ वेळा. असं कसं? पहिलं कारण, सेंद्रिय शेतात उतारा कमी धरला होता, म्हणजे तेवढ्याच कापसाला जास्त जमीन. दुसरं, तुलनेला घेतलेली ती पिशवी आकाराने लहान होती. प्लॅस्टिकच्या एका पिशवीत मावणारं सामान तिच्यात मावेना, म्हणून हिशोबात दोन पिशव्या धरल्या. तुलना वस्तूंची होत नाही, त्यांच्याकडून होणाऱ्या कामाची होते. रंगाचे दोन डबे लिटरवर न तोलता 'भिंत किती झाकली' यावर तोलायचे असतात.

साध्या सुती पिशवीसाठी ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली काढलेला हवामानाचा आकडा १३१ होता. कारण त्यांनी समोर ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी आणखी पातळ होती. थोडक्यात, अशा कुठल्याही आकड्याला पहिला प्रश्न विचारायचा: कशाच्या तुलनेत?

आणि या हिशोबांत जे धरलेलंच नसतं तेही पाहायचं. डेन्मार्कमध्ये कचरा गोळा होतो आणि बराचसा जाळून त्यातून वीज आणि उष्णता घेतात. गटारात अडकलेली, नदीवाटे समुद्रात गेलेली, जनावराच्या पोटात सापडलेली पिशवी त्या ५२ मध्ये कुठेच नाही. जिथे कचरा उघड्यावर पडतो तिथे प्लॅस्टिकच्या खात्यात हा वेगळा रकाना लिहावाच लागतो, त्याचा नेमका आकडा देता येत नसला तरी.

पाण्याच्या रकान्याचंही तसंच. एका सुती टी-शर्टमागे साधारण २,५०० लिटर पाणी लागतं असा जागतिक सरासरी अंदाज आहे. पण पावसावर वाढलेला कापूस आणि आटत्या नदीवर वाढलेला कापूस यांतलं एक लिटर सारखं नसतं. मध्य आशियातला अरल समुद्र एके काळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. १९६० पासून सोव्हिएत राजवटीने आमू दर्या आणि सिर दर्या या त्याला भरणाऱ्या नद्या मुख्यतः कापसासाठी वळवल्या आणि सरोवराचा बहुतेक भाग वाळवंट झाला. मासेमारीच्या बोटी आजही तिथे वाळूत उभ्या आहेत. शर्टाच्या लेबलावर यातलं काही छापलेलं नसतं.

## भार कुठल्या टप्प्यात आहे?

माझ्या मते हाच प्रश्न सर्वात कामाचा. एका वस्तूचा भार बनवण्यात असतो, दुसरीचा वापरण्यात. हे कळलं की निम्मं काम झालं.

स्मार्टफोन घ्या. उत्पादकांच्याच अहवालांनुसार फोनच्या एकूण उत्सर्जनाचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून मोठा भाग तो खोक्यातून बाहेर येण्याआधीच झालेला असतो: खाणी, चिप, पडदा, जोडणी. रोज चार्ज केला तरी वर्षभरात तो पाच-सहा युनिट वीज खातो. म्हणजे चार्जर काढून ठेवल्याने फारसं काही साधत नाही. फोन दोनऐवजी चार वर्षं वापरला तर त्याचा वर्षाचा भार जवळपास निम्मा होतो.

माझा फोन मागच्या वर्षी दुपारपर्यंत मान टाकायला लागला. दुरुस्तीवाल्याने तो हातात घेऊन वर-खाली पाहिला आणि म्हणाला, "बॅटरी कशाला बदलताय? नवा घ्या." मी हट्टाने बॅटरी बदलून घेतली. अर्ध्या तासाचं काम. पाठ चिकटवलेली होती, ती गरम करून सोडवायलाच त्यातली वीस मिनिटं गेली. डिंकाऐवजी चार स्क्रू असते तर मी ती घरी बदलली असती. हा डिंक कोणीतरी विचार करूनच लावलेला आहे.

आता फ्रिज. तो वर्षाला दोनशे-तीनशे युनिट खातो, दिवसरात्र, दहा-पंधरा वर्षं. त्याचा भार वापरात आहे. म्हणून फोनचा नियम इथे तसाच लावता येत नाही. फ्रिज घेताना त्याचं खोकं कशाचं आहे हे पाहण्यापेक्षा विजेचा आकडा पाहावा, आणि फारच जुना, खादाड फ्रिज बदलणं कधी कधी ठेवण्यापेक्षा बरं ठरतं. जुन्या पिवळ्या बल्बचं तर याहून टोकाचं आहे. ६० वॉटचा बल्ब रोज चार तास लावला तर वर्षाला ८८ युनिट, आणि तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी १३ युनिट. चांगला चालू असलेला बल्ब काढून टाकणं जिवावर येतं खरं, पण इथे काटकसर म्हणजे तो काढणंच.

शांपूची बाटली हे फसवं उदाहरण. आपण बाटलीच्या प्लॅस्टिकवर नजर रोखून बसतो. पण गरम पाण्याने धुवायची जी जी वस्तू असते, तिच्या आयुष्यातला मोठा भार बहुधा ते पाणी तापवण्यात असतो. बाटली बदलण्यापेक्षा नळ दोन मिनिटं आधी बंद करणं जास्त मोलाचं.

## लांबून आलं म्हणजे वाईट?

हा समज इतका पक्का आहे की त्याला हात लावायलाही भीती वाटते. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून अन्नाचा जन्मापासूनचा हिशोब मांडला. माणसांमुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनातला सुमारे २६ टक्के वाटा अन्नाचा निघाला. अन्नाच्या त्या वाट्यात वाहतुकीचा भाग? शंभरातले जवळपास सहाच. बाकी बहुतेक सगळं शेतात, गोठ्यात आणि त्यासाठी तोडलेल्या जंगलात.

त्यामुळे 'कुठून आलं' यापेक्षा 'काय आहे' याने फरक जास्त पडतो. १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या मांसातून सरासरी सुमारे ५० किलो उत्सर्जन होतं, चीजमधून ११, अंड्यांतून ४, आणि वाटाण्यातून अर्ध्या किलोहूनही कमी. गुरांच्या पोटात तयार होणारा मिथेन आणि चराईची जमीन, ही त्यामागची मुख्य कारणं.

अपवाद विमानाचा. तेवढंच वजन तेवढंच अंतर न्यायला विमान जहाजाच्या साधारण ५० पट उत्सर्जन करतं. अन्नाच्या एकूण वाहतुकीत विमानाचा वाटा नगण्य आहे, पण तो ओळखता येतो: नाजूक, चार दिवसांत खराब होणारं, हंगाम नसताना दूर देशातून ताजं आलेलं. आणि जवळचं असूनही जड ठरणारं काही असतं, ते म्हणजे थंडीत इंधन जाळून तापवलेल्या काचघरातला टोमॅटो. उन्हात वाढून ट्रकने आलेला टोमॅटो त्याला सहज मागे टाकतो.

वाहतूकच मोजायची तर दुकानापर्यंतची आपली फेरीही मोजा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग धूर २.३ किलोचा कसा? हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळतो म्हणून.) एका जुडीसाठी गाडी काढली तर त्या भाजीचं मूळ गाव कुठलं हा मुद्दाच उरत नाही.

## मग प्लॅस्टिक निर्दोष?

नाही. त्याचा गुन्हा फक्त आपण समजतो त्यापेक्षा वेगळ्या कलमाखाली येतो. हवामानाच्या रकान्यात ते बऱ्याचदा काचेपेक्षा हलकं असतं, कारण काच वितळवायला सुमारे दीड हजार अंश तापमान लागतं आणि भरलेल्या बाटल्या वाहून न्यायला जास्त इंधन. एकदाच वापरून फेकलेली काचेची बाटली म्हणूनच फार शहाणपणाची नाही. धुऊन पुन्हा पुन्हा भरली जाणारी मात्र आहे.

प्लॅस्टिकचा खरा प्रश्न शेवटच्या टप्प्यात आहे. २०१५ पर्यंत जगात साचलेल्या प्लॅस्टिक कचऱ्याचा हिशोब २०१७ साली प्रसिद्ध झाला: सुमारे ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, १२ टक्के जाळलं गेलं, उरलेलं ७९ टक्के जमिनीत किंवा मोकळ्या निसर्गात. आणि डब्याखालचा तो बाणांचा त्रिकोण? तो अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने १९८८ साली आणला. आतला १ ते ७ आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो. या वस्तूचा पुनर्वापर होईल असं वचन त्यात कुठेही नाही, जरी दिसायला अगदी तसंच दिसत असलं तरी. अॅल्युमिनियमची गोष्ट निराळी. ते वितळवून पुन्हा वापरलं तर खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणून त्याचा डबा भंगारात जाणं खरोखर लाखमोलाचं.

वेष्टनाबाबत एक अप्रिय गोष्ट सांगून टाकतो. कधी कधी पातळ वेष्टनामुळे भाजी टिकते, आणि सडलेल्या भाजीचा भार वेष्टनाहून कितीतरी मोठा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून. वेष्टनाशिवाय आणलेली, आणि मग फ्रिजच्या तळाच्या खणात काळी पडलेली कोथिंबीर मी स्वतः किती वेळा टाकली आहे ते न सांगितलेलं बरं.

## 'पर्यावरणपूरक' लिहिलंय, आणखी काय हवं?

पुरावा. 'ग्रीनवॉशिंग', म्हणजे हिरवा मुलामा, हा शब्द अमेरिकी पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ साली वापरात आणला, तो हॉटेलातल्या टॉवेलांवरून. निसर्गासाठी टॉवेल पुन्हा वापरा अशी पाटी, आणि बाकी कारभार जसाच्या तसा. युरोपीय आयोगाने २०२० साली हिरव्या दाव्यांची तपासणी करवली तेव्हा ५३ टक्के दावे मोघम, दिशाभूल करणारे किंवा निराधार निघाले. पुराव्याशिवाय असे मोघम शब्द वापरायला मनाई करणारा कायदा युरोपीय संघाने २०२४ साली केला. त्याच्या अंमलबजावणीची तारीख २७ सप्टेंबर २०२६.

'नैसर्गिक', 'हरित', 'पृथ्वीस्नेही' हे शब्द वगळून जे उरतं ते वाचा. 'यातलं ८० टक्के अॅल्युमिनियम पुनर्वापरातलं' हे तपासता येतं. बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेलं चिन्ह असेल तर उत्तम. जर्मनीचा 'ब्लू एंजल' १९७८ पासून हेच काम करतो.

## मी एकट्याने करून काय होणार?

या आक्षेपात दम आहे. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घराघरांत पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. २००४ साली तिने स्वतःचा फूटप्रिंट मोजण्याचं गणकयंत्रच लोकांसमोर ठेवलं. तेल विकणाऱ्याने ग्राहकाला 'तुझा हिशोब दे' म्हणावं, यातली चलाखी उघड आहे.

शिवाय मोठे बदल बहुधा नियमांनी झाले आहेत. फ्रिजमधल्या वायूने ओझोनचा थर विरतो हे कळल्यावर प्रत्येकाने लेबल वाचून फ्रिज निवडावा असं कोणी म्हटलं नाही. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ते वायू टप्प्याटप्प्याने बादच केले. शिसं घातलेलं पेट्रोलही ग्राहकांनी नाकारून गेलं नाही. देशामागून देश बंदी घालत गेले आणि २०२१ साली अल्जीरियाने शेवटचे पंप बंद केले.

म्हणून माझी खरेदी आणि माझी मागणी यांत मी दुसरीला जास्त वजन देतो. दुरुस्त करता येतील असे फोन बनवण्याची सक्ती झाली, तर माझ्या एका बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त साधेल. पण फोन उघडल्याशिवाय मला तो डिंक दिसलाच नसता, हेही खरं.

आणि बचतीचं पुढे काय होतं तेही पाहावं लागतं. कमी कोळशात चालणारी इंजिनं आली तेव्हा कोळसा वाचला नाही, उलट जास्त खपला, हे विल्यम जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिलं होतं. एलईडी आल्यावर आपण किती कोपऱ्यांत दिवे लावले, ते एकदा घरात फिरून मोजा.

## घरातलं प्लॅस्टिक काढून काचेचे डबे आणू का?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत एक स्वच्छ, चकचकीत कपाट दिसत असतं. उत्तर: नको. घरातल्या डब्यांचं कर्ज काढून झालेलं आहे, ते आता फक्त फेडायचं आहे. ते फेकून नवे आणले तर जुनं कर्ज बुडतं आणि नवं डोक्यावर बसतं. तडे गेलेले, ओरखडलेले डबे गरम पदार्थांसाठी वापरू नयेत. त्यांत खिळे, सुटी बटणं, चार्जरच्या वायरी ठेवाव्यात. माझ्याकडे अशाच एका डब्यात तो निळा दोरा असतो.